गळ्यापाशी अर्धा सेंटिमीटर

टी-शर्टचा गळा अर्ध्या सेंटिमीटरनं मोठा करा, असा निरोप सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या ऑफिसातून येतो. निरोप एका ओळीचा असतो. पाठवणाऱ्याचं काही चुकत नाही. त्यानं नमुन्याचा टी-शर्ट फिट मॉडेलला घालायला लावलेला असतो, चारी बाजूंनी बघितलेलं असतं, आणि गळा मानेवर जरा चढतोय हे त्याला दिसलेलं असतं. पण ती ओळ तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला पोचली की तिच्यापायी अख्खा दिवस जातो. पॅटर्नचा पुढचा भाग बदलला की मागचाही बदलावा लागतो, कारण खांद्याच्या टोकाला दोन्ही गळे एकमेकांना नीट भिडले पाहिजेत. गळा रुंद झाला म्हणजे खांद्याची शिवण तेवढी आखूड झाली. ती आखूड नको असेल तर मुंढा बाहेर सरकवा. मुंढा सरकला की बाहीची गोलाई त्याच्याशी जुळेना. हे सगळं बसवल्यावर मुख्य प्रश्न उरतोच: गळ्याची पट्टी आता किती लांब कापायची?

होजिअरीच्या कपड्यातला सगळ्यात अवघड तुकडा ही पट्टीच, असं माझं मत आहे. ती रिबची असते, म्हणजे एक टाका सुलट, एक उलट. तिला गळ्याच्या शिवणीएवढी कापून चालत नाही. साधारण ८० ते ८५ टक्के कापायची आणि ताणत ताणत बसवायची. शिवण ५६ सेंटिमीटर असेल तर पट्टी ४७च्या आसपास. जास्त लांब पडली तर ती मानेपासून सुटून उभी राहते, जास्त आखूड पडली तर शिवणीखाली चुण्या पडतात. रिबमध्ये लायक्रा असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. शिवाय ताण सगळीकडे सारखाही द्यायचा नसतो. पुढच्या खोलगट भागात जास्त, मागे कमी. हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. ओव्हरलॉकवर बसलेल्या बाईच्या डाव्या हाताला ते ठाऊक असतं, आणि तिला विचारलं तर ती हसते.

मी मर्चंडायझर आहे. म्हणजे परदेशातल्या खरेदीदाराचं ऐकून फॅक्टरीला सांगायचं, फॅक्टरीचं ऐकून खरेदीदाराला सांगायचं, आणि दोन्हीकडच्या शिव्या मधल्या मधे जिरवायच्या. इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात वाढल्यामुळे कापड म्हणजे ताणा आणि बाणा अशीच माझी समजूत होती. मागावरचं कापड शिस्तीचं. उभा धागा उभा राहतो, आडवा आडवा. ते ताणलं जातं फक्त उरेब धरलं तर. शिंपी त्याला मापात कापतो आणि ते मापात राहतं. तिरुप्पूरला आल्यावर ही सगळी शिस्त निकालात निघाली.

होजिअरीचं कापड एका धाग्यानं स्वतःलाच अडकवत नेलेलं असतं. फास, त्या फासातून दुसरा फास. ३० इंच व्यासाचं, २४ गेजचं, म्हणजे इंचाला २४ सुयांचं गोल मशीन घेतलं तर त्याच्या घेरावर सव्वादोन हजारांहून जास्त सुया असतात. प्रत्येक सुई खाली जाते, धागा ओढते, फास सोडते आणि पुढच्यासाठी वर येते. या एका फासाला किती मिलिमीटर धागा लागला यावर पुढचं सगळं ठरतं: कापड किती जड, किती अंगाबरोबर चालणारं, धुतल्यावर किती आटणारं. आकडा तीनच्या आगेमागे असतो. २.९चं २.८ केलं तर हाताला लगेच कळत नाही, पण वजनकाट्याला कळतं आणि पहिल्या धुण्याला तर फारच कळतं. डिझाइन बदलणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेन्सिल येते. आमच्याकडे खरा बदल बऱ्याचदा या दशांशात झालेला असतो आणि चित्र जसंच्या तसं असतं.

अशा कापडाला माप कसं लावायचं हा रोजचा वाद. आमचे पॅटर्न मास्टर टेपनं माप घेताना कपडा टेबलावर ठेवतात, हातानं एकदाच वरून खाली निपटतात आणि हात काढून घेतात. मग थांबतात. पुष्कळदा खरेदीदाराचा नवा प्रतिनिधी येतो आणि छाती एक सेंटिमीटर कमी भरते म्हणून कपडा दोन्ही हातांनी हळूच ओढतो. छाती भरते. दुसरा प्रतिनिधी येतो, तो ओढत नाही. छाती पुन्हा कमी. यात खोटं कुणीच बोलत नसतं. कापड नुकतंच रोलमधून उलगडलं असेल तर ते ओढलेल्या अवस्थेतच असतं. ते सोडून ठेवावं लागतं, चोवीस तास तरी, तेव्हा त्याच्या फासांना आपापली जागा सापडते. घाईच्या ऑर्डरला हे चोवीस तास पहिले कापले जातात. मग माल बोटीत चढताना बरोबर असतो आणि हॅम्बुर्गला उतरताना आखूड. "मेडम, माप आज घेतलं की उद्या, ते पण लिहा," असं मास्टर मला सांगतात, आणि तेच बरोबर आहे. मी काही नवीन बदल घेऊन गेले की त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "पाक्कलाम." बघू या. हो नाही आणि नाहीही नाही. कापडाला विचारल्याशिवाय ते शब्द देत नाहीत.

धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर आलेला टी-शर्ट आपण सगळ्यांनी घातलेला आहे. दोष शिंप्याचा वाटतो. तो नसतो. सूत कातताना त्याला पीळ दिलेला असतो, आणि त्या पिळाला सुटायचं असतं. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तो सुटू शकत नाही. साध्या जर्सीत मात्र प्रत्येक फास थोडासा कलतो, आणि सव्वादोन हजार फास एकाच दिशेला कलले की अख्खा कपडा मान वळवतो. त्यात मशीनचीही भर असते. गोल मशीनवर एकाच वेळी नव्वदएक धागे आत जातात, त्यामुळे मशीन एक फेरी पूर्ण करतं तेव्हा कापडाच्या तेवढ्या ओळी वर चढलेल्या असतात. आडवी दिसणारी ओळ खरं तर जिन्यासारखी गोल चढत गेलेली असते.

यावर उपाय आहेत. सूत दोन पदरी घ्या, म्हणजे एकाचा पीळ दुसरा खाईल. किंवा उजव्या पिळाचा एक धागा, डाव्या पिळाचा एक, असे आलटून पालटून लावा. फिनिशिंगमध्ये कापड नीट आवळून घ्या. प्रत्येक उपायाला पैसे लागतात. म्हणून बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांपर्यंतचं फिरणं चालवून घ्यायचं ठरलेलं असतं. आणि एक उपाय असा आहे की त्यात बाजूची शिवणच काढून टाकायची. लहान व्यासाच्या मशीनवर अंगाच्या मापाची नळी विणायची आणि तिलाच गळा-बाह्या लावायच्या. प्रत्येक साइझला वेगळ्या व्यासाचं मशीन लागतं एवढंच. शिवणच नाही तर ती फिरलेली दिसणार कशी? कापड फिरतंच, पण फिरल्याची खूण राहत नाही. ही युक्ती मला काही दिवस हुशारीची वाटते आणि काही दिवस लबाडीची. कदाचित दोन्ही असेल. पण या धंद्यातल्या प्रत्येक बदलाकडे बघताना मी तोच एक प्रश्न विचारायला लागले आहे: हा बदल नेमका कुणासाठी केला? घालणाऱ्यासाठी, विकणाऱ्यासाठी, की तक्रार येऊ नये म्हणून?

घालणाऱ्यासाठी केलेले बदल ओळखायचे असतील तर तान्ह्या बाळांचे कपडे बघावेत. मोठ्या माणसाचा टी-शर्ट लहान करत गेलं की बाळाचा होतो, हा समज पहिल्याच नमुन्यात मोडतो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि छाती त्याहून थोडी कमीच. वर्षभरात डोकं ४६च्या घरात जातं. मोठ्या माणसाचं असतं ५६-५७. म्हणजे डोक्याची बरीचशी वाढ पहिल्या वर्षातच उरकते आणि बाकीचं अंग मागाहून निवांत येतं. छातीच्या हिशेबानं गळा लहान केला तर बाळाचं डोकं त्यातून जाणार नाही. डोक्याच्या हिशेबानं ठेवला तर खांदा उघडा पडेल. यावर तोडगा म्हणून खांद्यापाशी पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर चढवतात, पाकिटाच्या झाकणासारखा. गळा बंद असताना लहान दिसतो, ओढला की खांद्याएवढा उघडतो. त्याचा दुसरा उपयोग मला माझ्या बहिणीनं सांगितला. बाळानं लंगोटाबाहेर घाण केली असेल तर कपडा डोक्यावरून काढायचा नाही, खांद्यावरून खाली ओढून पायांतून काढायचा. इतक्या वर्षांत हजारो बाळांचे गळे मी मापले होते, ते कोणत्या प्रसंगासाठी आहेत हे तिनं एका वाक्यात सांगितलं.

तसंच प्रेस बटणांचं. होजिअरीच्या एकेरी कापडावर प्रेस बटण ठोकलं तर ते चार वेळा उघडल्यावर कापडाचा तुकडा घेऊनच बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. म्हणून आतून पट्टी लावायची, आणि ठराविक जोर लावून बटण ओढून बघायचं. हूडच्या नाड्यांची गोष्ट याहून गंभीर. घसरगुंडीच्या फटीत नाडी अडकून मुलांचे जीव गेले, तेव्हा कुठे १९९६ साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांतल्या नाड्यांबद्दल सूचना निघाल्या, आणि पुढे युरोपच्या मानकानं सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्यापाशी आणि हूडला नाडी लावायलाच बंदी केली. आज लहान मुलाच्या हूडला नाडी दिसत नाही, तेव्हा काही तरी कमी आहे असं कुणाला वाटतही नाही. चांगला बदल झाला की तो असा दिसेनासा होतो.

पण प्रत्येक बदलाबद्दल असं म्हणता येत नाही. बदल नेमका कुणासाठी, हे भांडण जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते होजिअरीवरूनच सुरू झालं होतं. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये, कॅल्व्हर्टन नावाच्या खेड्याशी जोडलेल्या विल्यम ली या माणसानं १५८९ साली मोजे विणायचं यंत्र बनवलं. एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट नाकारलं असं सांगतात. मग त्यानं सुया आणखी बारीक आणि दाट करून रेशमी मोजे विणता येतील असं दुसरं यंत्र केलं. या यंत्रांवर मोजा पायाच्या आकारात विणला जाई. पोटरीपाशी टाके वाढवायचे, घोट्यापाशी कमी करायचे, कडा सलग ठेवायच्या. पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी तिथल्या मालकांनी रुंद यंत्रं आणली, त्यांवर सरळ कापड विणलं, ते मोज्याच्या आकारात कापलं आणि शिवलं. स्वस्त पडलं. पण कापलेल्या कडेचे टाके ओघळायचे आणि मोजा शिवणीवर फाटायचा. १८११ मध्ये तिथले विणकर रात्री यंत्रं फोडायला लागले. आपण त्यांना लडाइट म्हणून ओळखतो आणि यंत्राला भिणारी अडाणी माणसं समजतो. ती यंत्रांवरच पोट भरणारी माणसं होती. मजुरीचा आणि भाकरीचा प्रश्न होताच, पण हा कापून शिवलेला भुक्कड माल आपल्या धंद्याचं नाव घालवतो आहे, हाही त्यांचा राग होता. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा आला तेव्हा २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी बायरन लॉर्ड्सच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला. ते त्याचं तिथलं पहिलंच भाषण. घाईघाईनं, निर्यातीवर डोळा ठेवून केलेल्या या हलक्या मालाला धंद्यातले लोक कोळ्याचं काम म्हणतात, हे त्यानं सभागृहाला सांगितलं. कायदा झालाच.

तिरुप्पूरमध्ये बसून हे वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं. आम्ही जे करतो ते नेमकं कापून शिवणंच. सरळ कापड विणायचं, थर लावायचे, कापायचे, शिवायचे, बोटीवर चढवायचे. दोनशे वर्षांत ओव्हरलॉक मशीन आलं, त्यानं कापलेली कड दोऱ्यानं बांधून टाकली, शिवणीला कापडाबरोबर ताणायला शिकवलं, आणि विणकरांची निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी अजून आहे. होजिअरीवर टोकदार सुई वापरली तर ती फासाच्या मधून जाण्याऐवजी फास कापते. भोक तेव्हा दिसत नाही. तपासणीत कपडा पास होतो, इस्त्री होते, पिशवीत जातो, आणि घरी पहिल्या धुण्यानंतर शिवणीच्या कडेला बारीक बारीक छिद्रांची रांग उमटते. म्हणून इथे गोल टोकाची, बॉल पॉइंट सुई. तीही बोथट झाली की कापतेच. सुई कधी बदलली याची वही ठेवायला लावणारा खरेदीदार मला आवडतो, भाव कमी देत असला तरी.

आकारात विणण्याची विद्या आपल्याकडच्या बायकांना चांगली ठाऊक होती. कुणाला दिवस गेले की स्वेटर, टोपडं, मोजे असा संच सुयांवर चढायचा. माझी आई मुलांचा स्वेटर गळ्याकडून खाली विणायची. कारण विचारलं तर म्हणायची, पोर खालीच वाढतं. पुढच्या हिवाळ्यात खालची कड उसवायची, टाके सुयांवर घ्यायचे आणि चार बोटं वाढवायची. बाह्यांचंही तेच. खालून वर विणलेल्या स्वेटरला असं करता येत नाही. सुरुवातीची कड सरळ उसवत नाही. बदल करावा लागणार हे तिनं पहिल्या टाक्यालाच धरलेलं होतं. आमच्या टेक पॅकमध्ये, म्हणजे कपड्याच्या त्या पानोपानी कुंडलीत, सगळं असतं: छाती, लांबी, टाक्यांची संख्या, दोऱ्याचा नंबर. घालणाऱ्याचं अंग पुढच्या वर्षी बदलेल, या शक्यतेला मात्र रकाना नसतो. असण्याचं कारणही नाही, पुढच्या वर्षी त्यानं नवीन घ्यावा असंच सगळ्यांना वाटतं.

स्वस्त करण्यासाठी केलेला बदल आणि चांगलं करण्यासाठी केलेला बदल, दोघांचा कागद एकच असतो. तोच तक्ता, तोच जुना आकडा, त्याच्यापुढे नवा आकडा. १८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅमचं कापड १६० करा. म्हणजे एक नववा भाग कापूस वाचला, आणि टी-शर्टच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच असतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं जाईल, उन्हाळ्यासाठी हलका. मानेमागची पट्टी काढा; कारण, अधिक स्वच्छ दिसेल. ती पट्टी मागच्या गळ्याची शिवण झाकते आणि त्या शिवणीला ताणू देत नाही. ती गेली की दहा धुण्यांत गळा मागे लोंबायला लागतो. खांद्यातली बारीक टेप काढा. ती नसेल तर बाहीच्या वजनानं खांदा हळूहळू खाली उतरतो. बाही अर्ध्या सेंटिमीटरनं अरुंद करा, कारण, फॅशन. खरं कारण, कापडाच्या रुंदीत तुकडे मांडताना एक बाही बसत नव्हती, ती आता बसते. एका कपड्यामागे हे नगण्य. लाखभर कपड्यांमागे मात्र कुणाचा तरी बोनस त्यात निघतो.

सगळंच असं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. हलकं कापड कधी खरंच उन्हाळ्यासाठी असतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोको शनेलनं पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरायचं जर्सीचं कापड घेऊन बायकांचे कपडे शिवले. ते कापड फार चुण्या-कळ्या सोसणारं नव्हतं, म्हणून तिनं आकार सोपे केले, आणि त्या सोपेपणातून बायकांना हात वर करून चालता येईल असा पोशाख मिळाला. काटकसरीनं सुचवलेला बदल घालणाऱ्याच्या कामी आला. त्यामुळे तक्ता बघून काहीच ठरवता येत नाही. कपडा अंगात घालून दहा वेळा धुवावा लागतो, आणि तेवढा वेळ सॅम्पल रूममध्ये कुणालाच नसतो.

रंगाच्या बदलाला तर आणखी वेगळा हिशेब. निळा अजून एक छटा गडद हवा, ही ओळ गळ्याच्या ओळीपेक्षाही सहज लिहिली जाते. सुती कापड ज्या रंगांनी रंगवतात त्यांना धाग्यावर बसवायला मीठ लागतं, आणि गडद छटेला फिकटपेक्षा बरंच जास्त. ते मीठ कापडाबरोबर परदेशी जात नाही. तिरुप्पूरमधून नोय्यल नदी वाहते. वर्षानुवर्षं ते रंगाचं आणि मिठाचं पाणी तिच्यात जात राहिलं, खालच्या अंगाला ओरत्तुपाळयमच्या धरणात साठत राहिलं, आणि ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं त्यांना त्याचं पाणी नको झालं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं गावातले रंगाचे कारखाने बंद करायला लावले. कापड रंगवायला बाहेरगावी जाऊ लागलं. नंतर पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने सुरू झाले; आता मीठ पाण्यातून वेगळं काढतात, आटवतात, आणि पुन्हा वापरतात. त्याला वीज लागते, पैसे लागतात. छटेचे नमुने प्रकाशपेटीत ठेवून आम्ही अजूनही अर्धा तास वाद घालतो. हल्ली मी खरेदीदाराला एक छटा फिकट नमुनाही सोबत पाठवते, काही न लिहिता. कधी कधी तोच पास होतो.

संगणकानं यातलं पुष्कळ सोपं केलं आहे. पडद्यावर पुतळा उभा राहतो, कपडा त्याच्या अंगावर पडतो, कुठे ताण पडतोय ते लाल रंगात दिसतं. नमुन्यांची कुरिअरं कमी झाली, हा खरा फायदा. जपानच्या वाकायामातल्या शिमा सेइकी या कंपनीनं तर १९९५ मध्येच अख्खा स्वेटर बिनशिवणीचा, बाह्यांसकट विणून बाहेर काढणारं मशीन दाखवलं होतं. विल्यम लीच्या विणकरांना ते आवडलं असतं असं मला वाटतं. पण साध्या टी-शर्टला ते परवडत नाही, आणि जगाला हवेत साधे टी-शर्ट. पडद्यावरच्या पुतळ्याला घाम येत नाही, तो हात वर करून रेल्वेची कडी धरत नाही. मास्टर पडद्याकडे बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, पाक्कलाम.

फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर एक अक्का बसते. तिच्यापुढून दिवसभर कपडे सरकतात. शिवण सुटली, टाका चुकला की ती तिथे बाणाचा बारीक स्टिकर लावते आणि कपडा 'ऑल्टर'च्या टोपलीत टाकते. दुरुस्त होऊन आला तर पुन्हा तिच्याचकडे येतो. होण्यासारखा नसेल तर तो, आणि रद्द झालेल्या ऑर्डरी, आणि मंजूर न झालेले नमुने, हे सगळं लेबलं कापून खादरपेटच्या बाजारात जातं. स्टेशनजवळच्या त्या गल्ल्यांत गठ्ठ्यांनी, किलोनं माल विकला जातो. तिथून तो देशभर पसरतो. एखाद्या डिझाइनचा युरोपात गेलेला टी-शर्ट म्हणजे त्याची शेवटची आवृत्ती. आधीच्या आवृत्त्या, चढणाऱ्या गळ्याच्या, फिरणाऱ्या शिवणीच्या, आपल्या अंगावर असतात.

पुण्याला आले की कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर माझी चक्कर होतेच, आणि बहीण बरोबर असेल तर तिची चिडचिडही होते. मी एकही कपडा सरळ बघत नाही. आधी उलटा करते. मानेमागे पट्टी आहे का, खांद्यात टेप आहे का, गळ्याच्या शिवणीत टाके किती दाट. मग दोन्ही मुठी गळ्यात घालून ताणते. परवा भाच्यासाठी एक बघत होते. कापड चांगलं होतं, दोन पदरी सुताचं. दुकानदार आधी कौतुकानं बघत होता, मग त्याचा चेहरा उतरला.

"ताई, एवढा ताणू नका, गळा सैल पडेल."

"पडायचा असेल तर तुमच्याकडे असतानाच पडू दे," मी म्हटलं, आणि पन्नास रुपये कमी करायला सांगितले. तो तीसवर आला. गळा जागेवर आला होता, म्हणून मी दोन घेतले.